आत्याचे दोन काटे

आमच्या आत्याचा लाल दिव्यावर विश्वास नव्हता. मंत्र्यांच्या गाडीवरच्या दिव्याचं म्हणत नाही मी. इंजिन तापलं की डॅशबोर्डवर जो लागतो, तो. "दिवा म्हणजे शेजारी," ती म्हणायची. "घर जळून गेलं की सांगायला येतो, सकाळपासून धूर दिसत होता बरं का तुमच्याकडे. काटा म्हणजे घरातलं माणूस. हळूहळू सरकतो, कुरकुरतो, पण वेळेत सांगतो. आपल्याला बघायची सवय पाहिजे, एवढंच."

हे ती मला पहिल्यांदा ऐकवत होती तेव्हा मी तिच्या गाडीखाली उताणा पडलेलो होतो. तोंडात टॉर्च, हातात पाना आणि कपाळावर गिअर ऑइलचा थेंब, जो भुवईकडे जायचं की कानाकडे ह्याचा विचार करत होता. माणूस अशा अवस्थेत असला की तत्त्वज्ञान त्याला फार नीट ऐकू येतं, कारण उलट उत्तर देता येत नाही. आत्याने माझ्यावरचे बहुतेक संस्कार असेच, मी कुठेतरी अडकलेला असताना केले आहेत.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आतोबा फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. घरच्यांनी तिला शिवणकाम सुचवलं, बालवाडी सुचवली. तिने एक मिनीबस घेतली आणि कल्याणात शाळेची मुलं ने-आण करायला सुरुवात केली. ड्रायव्हर ठेवला नाही, स्वतःच चालवायला लागली. पुढे गाड्या वाढल्या, ड्रायव्हरही आले, पण पहिली गाडी शेवटपर्यंत तिच्याच हातात राहिली. कल्याण पश्चिमेला ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आत्याच्या पिवळ्या गाडीत डबा सांडलेला आहे.

गाडी सुरू करायच्या आधी ती बॉनेटला हात लावायची. तळहात नाही, हाताची मागची बाजू, तापाच्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी. फेरी संपली की पुन्हा. गाडीत चढणाऱ्या पोरांच्याही कपाळाला तसाच हात लागायचा. एखादं पोर कोमट लागलं की ती त्याला तिथल्या तिथे आईच्या हवाली करायची. "ह्याला आज घरी ठेवा." ऑफिसला निघालेली ती आई वैतागायची, "अहो काकू, काही नाही झालेलं त्याला, उन्हात उभा होता." आत्या ऐकायची नाही. दुपारी पोर फणफणायचं आणि मग तीच आई तिलाच फोन करून विचारायची, "काकू, आता काय करू?"

कुकरच्या शिट्ट्या तिने जन्मात मोजल्या नाहीत. "शिट्टी म्हणजेही दिवाच," असं तिचं मत. ती कुकरजवळ उभी राहून आवाज ऐकायची आणि मध्येच गॅस बंद करायची. भात मोकळा. आमच्या घरात शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. आमच्याकडच्या भाताबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

फोनवर ती "कशी आहेस?" विचारत नसे. "काटा कुठे आहे?" असं विचारायची. माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ही भाषा उचलली. "मधल्याच्या जरा वर," ती आत्याला सांगायची. "तुमच्या भाच्याने ओला टॉवेल सोफ्यावर टाकलाय."

"लालच्या किती खाली?"

"बोटभर."

"मग अजून वेळ आहे. त्याला आत्ताच उचलायला सांग."

मी उचलायचो. आमचा संसार टिकला त्यात ह्या बोटभर अंतराचा वाटा मोठा आहे.

सेवा बंद केली तेव्हा आत्याने बाकीच्या गाड्या विकल्या आणि एक ठेवून घेतली. बाकडी काढली, पलंग बसवला, छोटा ओटा केला, बेसिन लावलं, खिडक्यांना पडदे शिवले. आरटीओचे सोपस्कार स्वतः रांगेत उभं राहून पुरे केले. बाहेरून सायीचा रंग दिला, पण दाराच्या बिजागरीपाशी आतला शाळेचा पिवळा दिसत राहिला. मोटारहोम हा शब्द आम्ही पुढे शिकलो. खडकपाड्याच्या तिच्या सोसायटीत गाडीला ‘ती खोली’ म्हणायचे. सेक्रेटरींनी एकदा मीटिंगमध्ये मुद्दा काढला, की कंपाउंडमध्ये जी वस्तू उभी आहे ती गाडी मानायची की घर, ह्याचा एकदा निर्णय व्हावा.

"घर माना," आत्या म्हणाली. "मग मला मतं दोन."

मुद्दा पुढच्या मीटिंगवर गेला तो अजून तिथेच आहे.

खरं तर तिला दोन खोल्यांचा चांगला फ्लॅट होता. पण वाचायला खाली गाडीत, दुपारी आडवी व्हायला गाडीत, पापड वाळवायला गाडीच्या टपावर. आणि महिन्यातून एकदा गाडी काढून कुठेतरी. कधी टिटवाळ्याच्या पुढे नदीकाठी, कधी थेट नाशिकच्या पलीकडे. "फ्लॅटमध्ये मी असते," ती म्हणायची. "राहते गाडीत."

काट्यांचं खूळ सुरू झालं ते कसारा घाटातून. त्या गाडीला कंपनीने काटा दिलाच नव्हता, फक्त लाल दिवा. घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसल्या की आत्या मान हलवायची. "ह्यांना दिव्याने सांगितलं." आणि मग स्वतःच्या डॅशबोर्डवरच्या त्या विझलेल्या दिव्याकडे, पाहुण्यांच्या गप्प बसलेल्या मुलाकडे बघावं तसं बघायची. हा आत्ता काही करत नाहीये, पण करणार.

एके रविवारी तिने मला डोंबिवलीहून बोलावून घेतलं आणि आम्ही उल्हासनगरला जाऊन दोन काटे आणले. एक इंजिनाचा आणि एक गिअरबॉक्सचा. शहाडच्या गॅरेजवाल्याला पहिला समजला. दुसरा पाहून तो हात पुसत उभा राहिला.

"मॅडम, इंजिन का ठीक है. गिअरबॉक्स को काटा कौन लगाता है?"

"मी लावते," आत्या म्हणाली. "घाटात इंजिन एकटं चढतं का? तोही चढतो. त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो बोलत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, घरातला पुरुष माणूस काही समजूतदारपणा दाखवेल म्हणून. मी टायरमधली हवा बघायला लागलो. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. चार गाड्यांची माणसं आपापली कामं सोडून आत्याकडे बघत होती, आणि कोणीतरी विचारावं ही कोण म्हणून, असं मला वाटत होतं. कोणी विचारलं नाही. मीच शेजारच्या रिक्षावाल्याला सांगितलं, "आत्या आहे माझी."

गिअरबॉक्समधलं तेल काढायचा जो बोल्ट असतो, त्याच्यासारखाच नवा बोल्ट तिने लेथवर करून घेतला, आरपार भोक पाडलेला, म्हणजे त्यात तापमान कळणारा सेन्सर बसेल. इंजिनाला गरम पाणी बाहेर पडतं तिथे एक बुजवलेलं भोक तिने आधीच हेरून ठेवलं होतं. पण गाडीत बसवायच्या आधी दोन्ही सेन्सरची परीक्षा तिच्या स्वयंपाकघरात झाली. चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, सेन्सर चिमट्याने धरून त्यात बुडवला, वायरी काट्याला आणि गाडीतून काढून आणलेल्या बॅटरीला जोडल्या, आणि मला काटा वाचायला बसवलं. पाणी खळखळायला लागलं तसा काटा शंभरावर जाऊन थांबला.

"शंभर," मी म्हणालो.

"हा खरा बोलतो," आत्या म्हणाली, आणि त्याच गॅसवर दुसरं पातेलं ठेवून आमचा चहा केला.

सेन्सर बसवताना मी माझं ज्ञान दाखवलं. डोंबिवलीत पंधरा वर्षं काढलेला माणूस आणि काही नसेल पण पाण्याच्या नळाचा जाणकार होतो. मी खिशातून पांढरी टेफ्लॉन टेप काढली आणि सेन्सरच्या आट्यांवर प्रेमाने सात-आठ वेढे दिले. गळायला नको. आत्याने हातातून काढून घेतला आणि नखाने सगळी टेप सोलली.

"हा नळ आहे का?"

"गळेल ना अगं."

"ह्याचं अंग लोखंडाला टेकलं तरच काटा हलतो. तू त्याला स्वेटर घातलास."

दोन काटे बसवायचे कुठे, हा प्रश्न आला तेव्हा माझी आई मध्ये पडली. डॅशबोर्डवर मधोमध तिने दिलेला गणपती होता आणि तो हलवायचा नाही, ही तिची अट. आत्याने नणंद-भावजयीच्या जन्माच्या तहाला जागून गणपतीच्या उजवीकडे इंजिनाचा काटा आणि डावीकडे गिअरबॉक्सचा बसवला. आईने दोघांना हळदकुंकू लावलं आणि नावं ठेवून टाकली. उजवी रिद्धी, डावी सिद्धी. तेव्हापासून आमच्या घरात कोणीही त्या गाडीत पुढे बसलं की त्याला एकच काम. आत्या विचारणार, "रिद्धी?" आपण आकडा सांगायचा. "सिद्धी?" आपण आकडा सांगायचा. काटे तिच्याही समोरच असायचे. पण तिचं म्हणणं, पुढे बसणाऱ्याने फुकट बसू नये.

एकदा मी फार गंभीर आवाजात तिला म्हणालो, की आत्या, आतोबा असे अचानक गेले, काही कल्पना न देता, म्हणून तुला हे काट्यांचं वेड लागलं असावं. मला वाटलं मी काहीतरी खोल बोललोय. ती वायर सोलत होती. वर न बघता म्हणाली, "अचानक नाही गेले. जिना चढताना थांबायचे. जेवताना घाम यायचा. काटे होते रे, मला बघायला सुचलं नाही." मग वायरचं टोक पिळून म्हणाली, "ती टेप दे. काळी. तुझी पांढरी नको."

त्यानंतर मी खोल बोलायचं सोडून दिलं.

आता बाबांविषयी. बाबा बँकेत होते आणि त्यांचा उमेदीचा काळ लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेला, त्यामुळे एकदा पाहून कशावर विश्वास ठेवणं त्यांना जमत नाही. आत्याहून ते सहा वर्षांनी मोठे. गाडी त्यांना येत नाही, घाटाची त्यांना भीती वाटते, आणि ह्या दोन्ही गोष्टी ते मान्य करत नाहीत. आत्याची गाडी एकदा सोसायटीच्या गेटच्या खांबाला घासली. खांबाला नुकत्याच टाइल लावून तो जाड केलेला होता, पण फोटोत ते दिसत नव्हतं आणि सेक्रेटरींनी फोटो सगळीकडे पाठवला. फिरत फिरत तो बाबांच्या मोबाइलवर आला. पुढच्याच रविवारी आत्या आमच्याकडे जेवायला आली होती.

"पुरे आता," बाबा वरणावर तूप घेत म्हणाले.

"काय पुरे?"

"गाडी. सत्तर होतील तुला."

"तुला शहात्तर आहेत. तू चहा सोडलास?"

"चहा खांबाला घासत नाही."

मला हसू आलं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मी पोळी घेतली.

"मी काही वाईटाला सांगत नाही," बाबा म्हणाले. "घाटात काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? आईने तुला माझ्यावर सोपवलंय."

आत्याने पानातला भात संपवला. मग म्हणाली, "बरं. वाढदिवसाला माळशेज चढते. तुम्ही सगळे चला. तू बघ. वर पोचल्यावर किल्ली माग, देईन. वाद घालणार नाही."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. कारण आत्याचा शब्द म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. एकदा ती शेजारणीला म्हणाली होती की मी तुमच्याशी बोलणार नाही. ती बाई घर सोडून जाईपर्यंत बोलली नाही. जाताना प्रवासासाठी तिला पुरणपोळ्या करून दिल्या, त्याही न बोलता. त्यामुळे बाबांनी किल्ली मागितली असती तर ती गेली असती, आणि आत्या उरली असती दोन खोल्यांत, जिथे ती नुसती असायची.

वाढदिवस एप्रिलमधला. डोंबिवलीहून आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, बायको आणि मी, कल्याणला गेलो आणि तिच्या गाडीत बसलो. तिने बॉनेटला हात लावला, गणपतीला नमस्कार केला, आणि निघालो. बाबा मागच्या पलंगावर ताठ बसलेले, दोन्ही हातांनी कड धरून. शहाडचा पूलही अजून आला नव्हता.

मुरबाडला नाश्त्याला थांबलो. आत्या मिसळ खात होती तेवढ्यात मी माझं सरप्राइज बाहेर काढलं. फ्लेक्स. आमच्या भागात माणसाचं प्रेम फ्लेक्सवर मोजतात आणि मी कमी पडणाऱ्यांतला नाही. मधोमध आत्याचा मोठा हसरा फोटो, वर ‘सारथ्य सम्राज्ञी आत्या यांना सत्तराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आमचे सगळ्यांचे गोल गोल फोटो. माझा त्यातल्या त्यात मोठा, काळा गॉगल लावलेला आणि कानाला मोबाइल. मी कोणाशी बोलतोय असं बायकोने विचारलं होतं. अशा फोटोत कोणी कोणाशी बोलत नसतं, पण हे तिला कसं सांगणार. फ्लेक्स मी गाडीच्या नाकावर ठेवला आणि नायलॉनच्या दोरीने चारी बाजूंनी ढोलासारखा घट्ट आवळला.

आत्या हॉटेलातून बाहेर आली. पाहिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, हॉटेलातल्या पोऱ्यांनी वाजवल्या, एसटीची वाट बघणाऱ्या दोन आज्यांनीही वाजवल्या. आत्या पदराने डोळे पुसत तशीच दाराकडे गेली आणि गाडीत बसली.

बॉनेटला हात न लावता. हे मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी समजलं असतं असं नाही.

टोकावडे गेलं, मोरोशी गेलं, आणि घाट सुरू झाला. ऊन असं की डांबर चमकत होतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये.

"रिद्धी?"

"नव्वद."

"सिद्धी?"

"सत्तर."

एक वळण गेलं.

"रिद्धी?"

"पंच्याण्णव."

आत्याने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. "सिद्धी?"

"सत्तरच."

पुढच्या वळणावर तिने विचारायच्या आधीच मी म्हणालो, "शंभरला आलीये गं."

मागून बाबांचा आवाज आला, "दिवा लागलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग चल ना. थांबायचं कशाला? वर पोचू एकदाचे."

आत्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. थांबली असती तर ती भर घाटात, बॉनेट वर केलेल्या गाड्यांच्या रांगेत, बाबांच्या डोळ्यांदेखत थांबली असती. नसती थांबली तर कदाचित वर पोचलीही असती. घाट फार उरला नव्हता. दिवा विझलेलाच होता. तिने बाजूचा इंडिकेटर दिला, कठड्याजवळ रुंद जागा बघून गाडी घेतली आणि थांबवली.

इंजिन मात्र बंद केलं नाही. "धावून आलेल्या माणसाला एकदम झोपवत नाहीत," ती म्हणाली.

बाबा खाली उतरून कठड्यापाशी उभे राहिले. दरीकडे पाठ. "मी म्हटलं होतं," एवढंच म्हणाले, आणि तेही हळू. बायकोने मला कोपराने ढोसलं. आईने एका माकडाला हाकललं आणि ते टपावर जाऊन बसलं.

"सिद्धी आत्ता किती?" आत्याने मला विचारलं.

"सत्तरच्या थोडी वर. नेहमीसारखी."

"मग ओझ्याचा दोष नाही. माणसं जास्त झाली असती, चढ भारी पडला असता, तर दोघी मिळून वर गेल्या असत्या. ही एकटीच तापलीये. म्हणजे हिला पाणी नाही नाहीतर वारा नाही. पाणी मी सकाळी पाहिलंय. जा, पुढे जाऊन बघ. जाळीवर काही अडकलंय का. पिशवीबिशवी."

मी गेलो. गाडीच्या पुढे वाकून नीट बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली बसून बघितलं. परत आलो.

"काही नाही," मी म्हणालो. "पिशवी वगैरे काही नाही. आपला फ्लेक्स आहे फक्त."

माझी बायको आकाशाकडे बघायला लागली.

"फक्त," आत्या म्हणाली.

ती उतरली आणि गाडीपुढे जाऊन उभी राहिली. रेडिएटरच्या जाळीवर, वारा शिरायला इंचभर जागा न ठेवता, तिचा स्वतःचा चेहरा तिच्याकडे बघून हसत होता. खाली मी, फोनवर.

"कोणाला फोन लावलायस?" तिने विचारलं. "गॅरेजला?"

दोरी सुटेना, एवढी मी आवळली होती. शेवटी बाबा पुढे झाले. खिशातून नेलकटर काढलं, त्याचं छोटं पातं उघडलं आणि एकेक गाठ कापायला लागले. आयुष्यात त्यांनी गाडीला केलेलं हे पहिलं काम असावं. फ्लेक्स निघाला. त्यांनी त्याची व्यवस्थित घडी केली, आत्याच्या चेहऱ्यावर घडी येणार नाही अशी.

मग आम्ही सगळे ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गोळा झालो. आई टाचा उंचावून, बायको तिच्या खांद्यावरून, बाबा चष्मा सावरत. गणपतीच्या उजवीकडचा काटा आधी नुसता थरथरला. मग एक रेघ खाली. मग अजून एक. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे आम्ही बघत होतो.

"उतरला," आई म्हणाली आणि तिने नमस्कार केला.

इथे आत्या गप्प बसली असती तर चाललं असतं. फ्लेक्स मी बांधलेला, मूर्खपणा माझा, हे सगळ्यांना मान्य होतं आणि मला सवय आहे. पण ती बाबांकडे वळली.

"दादा, मुरबाडला बॉनेटला हात लावायचा राहिला माझा. लावायला पुढे गेले असते तर जाळी झाकलीये हे तिथेच दिसलं असतं. रोज लावते, आज चुकले. हेही धर हिशेबात."

बाबांनी मान हलवली. आम्ही पुन्हा बसलो आणि उरलेला घाट चढलो. रिद्धी नव्वदच्या वर गेली नाही. ते मी प्रत्येक वळणावर जरा मोठ्यानेच सांगत होतो, मागे ऐकू जावं म्हणून.

वर भज्यांची एक टपरी होती, बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आत्याने गाडी लावली, बॉनेटला हात लावून आली, आणि बसायच्या आधी किल्ली बाबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. किल्लीला शाळेच्या दिवसांपासूनची एक शिट्टी अडकवलेली होती. बाबांनी ती उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

भजी आली. चहा आला. आत्या भजी खात होती, शांतपणे, चटणी लावून. मी माझी बशी बायकोकडे सरकवली. आईने दोनदा "अहो" म्हटलं आणि दोनदा पुढचं गिळलं. बाबांनी चहा संपवला, कप बशीवर सरळ ठेवला, रुमालाने बोटं एकेक करून पुसली.

"दिवा लागला नव्हता," ते म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली.

"मी चल म्हणालो होतो."

"हो."

"किल्ली माझ्या हातात आहे हे माहीत होतं तुला. तरी थांबलीस."

"थांबायलाच हवं होतं."

"आणि वर ती हाताची गोष्ट. ती मला कळलीही नसती."

"तुला नसती कळली," आत्या म्हणाली. "गाडीला कळली होती."

बाबा टपरीपलीकडच्या पठाराकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिच्या बशीशेजारी ठेवली आणि उठले.

"उतरताना पुढे मी बसतो," ते म्हणाले. "ह्याला मागे बसव."

तर मी मागे बसलो. पलंगावर आई आणि बायको, त्यामुळे मला बेसिनशेजारचं स्टूल. मांडीवर घडी केलेला फ्लेक्स. मला विचाराल तर त्या गाडीत मी इतका ऐटीत कधीच बसलो नव्हतो. पुढे दोन पांढरी डोकी आणि मध्ये गणपती. उतार सुरू झाला, आत्याने दुसरा गिअर टाकला, आणि घाटाची भीती वाटणारे माझे बाबा दरीच्या बाजूला बसून, एका हाताने दाराची कडी घट्ट धरून, काट्यांवर नजर लावून बसले.

"रिद्धी पंच्याऐंशी," ते बँकेतल्या आवाजात म्हणाले.

"हो दादा."

"सिद्धी चढतेय. पंच्याहत्तर."

"हो दादा. गाडी धरून ठेवलीये तिने. चढू दे."

"ऐंशी झाली."

"हो दादा."

काटे तिच्या समोर होते. आकडे तिला बाबांच्या आधी दिसत होते, आणि त्या वळणांवर कुठे किती येणार हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. आयुष्यात कोणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. पण मोरोशी येईपर्यंत बाबा आकडे सांगत राहिले, आणि प्रत्येक आकड्याला ती "हो दादा" म्हणत राहिली, आत्ताच कळल्यासारखं.